बोम्मसंद्र्याला उतरलेला देव

रविवारी सकाळी अनुसूयाने निरांजन पेटवलं आणि सवयीने डावा हात घंटेकडे नेला. घंटा जागेवर नव्हती. ती पोलीस ठाण्यात, लाखेने बंद केलेल्या पिशवीत होती. मग तिने पंचपात्रातली पळी उचलली आणि फुलपात्राच्या काठावर टिणटिण वाजवत आरती पुरी केली.

"अक्का, ते वाजवू नका हो," स्वयंपाकघरातून तिची जाऊ भाग्यलक्ष्मी म्हणाली. "दारात सोडावाला आल्यासारखं वाटतंय."

"मग देवाला काय, शिट्टी मारू?"

भाग्यलक्ष्मी हसली नाही. त्या पंधरवड्यात घरात कुणी फारसं हसलंच नव्हतं. पण अनुसूयाला बोलल्यावर जरा बरं वाटलं. ती घंटा तिच्या आजेसासऱ्यांनी तंजावरहून आणलेली, चांगली जड, पितळेची. अनुसूया लग्न होऊन चामराजपेटेत आली तेव्हा घंटेचा आवाज पार कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत जायचा, आणि तो ऐकून ती फुलं पाठवायची. आता रस्त्यावरच्या रिक्षांच्या गोंगाटातून तो अंगणापर्यंतही पोचत नसे.

ह्या घराचा देव फिरता. खंडोबाचे चांदीचे टाक, घंटा आणि भंडाऱ्याची वाटी एका लाकडी पेटीत घालून तो वर्षातून तीनदा घर बदलतो. पाडव्यापासून नागपंचमीपर्यंत थोरल्याच्या घरी, म्हणजे इथे. चंपाषष्ठीपासून पाडव्यापर्यंत मधल्या गुरुप्रसादकडे, बनशंकरीच्या फ्लॅटमध्ये. मधले महिने धाकट्या रघुनंदनाचे. पण रघूचा वाटा त्याच्या लग्नापासून बहिणीकडे, आनेकलच्या सुखदाकडे जात आला होता. ते कसं झालं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी काढत नव्हतं.

रघूची बायको चंपा गेली तेव्हा आश्लेषा नऊ वर्षांची होती. रघू बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, तीन शिफ्टा. मुलीला एकटं कसं ठेवणार? तेव्हा ठरलं की देव ज्या घरी, त्या घरी मुलगी. कुणावर जास्त भार नको, कुणाला कमी पुण्य नको. सगळ्यांना ते इतकं चोख वाटलं की नातेवाइकांत ह्या घराचं कौतुक झालं. सात वर्षं पेटी आणि मुलगी एकाच बसने फिरत होत्या. पहिली काही वर्षं कुणीतरी बरोबर जायचं. मग आश्लेषा मोठी झाली आणि पेटी तीच नेऊ लागली.

ह्या नागपंचमीला ती इथून आनेकलला निघाली. सिटी मार्केटला बस धरली. वाटेत बोम्मसंद्र्याला उतरली. आणि दुपारी तिथल्या बसथांब्यावर बसलेल्या शिवाप्पा नावाच्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात तिने देवाची घंटा घातली. एकदा नाही, लोक ओढेपर्यंत. ना ओळख, ना भांडण. नंतर ती पळालीही नाही. पेटी मांडीवर घेऊन फुटपाथवर बसून राहिली.

का, हे कुणाला कळत नव्हतं. अनुसूयाला तर रात्रंदिवस तेवढाच प्रश्न. रागाचं आणि लाजेचं ती बाकीच्यांवर सोपवून मोकळी झाली होती. तिला जाणून घ्यायचं होतं. म्हणून गुरुवारी कुणाला न सांगता ती आनेकलच्या बसने जाऊन शिवाप्पांना बघूनही आली होती. आणि म्हणूनच, पोलिसांनी परत दिलेल्या पेटीत सापडलेल्या वस्तू तिने टाकून न देता एका ताटलीत घालून, वर दुसरी ताटली पालथी घालून, देवघराच्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या. त्या वस्तू तिने पेटीत ठेवलेल्या नव्हत्या.

*

भाग्यलक्ष्मी कांदे परतत होती आणि कान बाहेरच्या खोलीकडे होते. तिथे तिचा नवरा गुरुप्रसाद बँकेतली सभा चालवल्यासारखा बोलत होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण चार माणसं जमली की तो अजून घसा खाकरून सुरुवात करायचा.

"अकरा वाजता त्या प्रोबेशन ऑफिसर येणार. उद्या बाल न्याय बोर्डापुढे त्यांचा अहवाल जाईल. तेव्हा आपण सगळ्यांनी एकच कारण सांगायचं."

"कुठलं?" सुखदाने विचारलं. ती आनेकलच्या शाळेत शिकवते. तिला प्रश्न आधी नीट मांडलेला लागतो.

"मोबाईल. आजकालची मुलं मोबाईलवर काय काय बघतात."

भाग्यलक्ष्मी कांद्याचा हात पदराला पुसत दारात आली. "अहो, तिच्याकडे बटणांचा फोन आहे. तुम्हीच दिलात. त्यावर एक साप धावतो, बाकी काही दिसत नाही."

"मग संगत."

"कुणाची? तीन ठिकाणी राहणाऱ्या मुलीला मैत्रिणी तरी कुठून?"

"भाग्या, तू दर वेळी मोडता घालू नकोस."

"आईविना पोर, एवढंच म्हणावं," सुखदा म्हणाली. "ते खोटं नाही, आणि त्यावर सरकारी माणसं पुढे विचारत नाहीत."

"अक्का, ती बाई विचारायलाच येतेय," रघू म्हणाला.

तो चपलांच्या फळीशेजारी स्टुलावर बसला होता. लग्नानंतर ह्या घरात तो कधी आत येऊन बसला नाही. सणाला यायचा, स्टुलावर बसायचा, कॉफी घ्यायचा, जायचा. इतकी वर्षं सगळ्यांना ती त्याची जागाच वाटत आली होती.

"तू सांग मग," गुरुप्रसाद म्हणाला. "तू बाप आहेस."

"मी तिला महिन्यातनं दोनदा भेटतो, अण्णा. तुमच्याच घरी येऊन. 'कशी आहेस?' 'बरी आहे.' 'जेवलीस?' 'जेवले.' मी काय सांगू?"

भाग्यलक्ष्मीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या मनात एक गोष्ट होती आणि ती आता बोलली नाही तर त्या बाईसमोर तोंडून निघेल अशी तिला भीती वाटली.

"मी एक सांगते. वाईट म्हणा. पुढच्या महिन्यात आमची लेक बाळंतपणाला येतेय. आश्लेषा आमच्याकडे आली तर मला झोप लागायची नाही. परवापासून मी विळी कपाटात कुलपात ठेवते. तिच्यासाठी नाही, ती तर घरातही नाही. तरी ठेवते."

सुखदाने ओठ आवळले. अनुसूया देवघरातून बाहेर आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कांदा करपतोय बघ."

*

चंदना नावाची ती प्रोबेशन ऑफिसर तिशीची होती. साधी सुती साडी, खांद्याला मोठी पिशवी. शाळेतल्या बाईंसारखी ती सावकाश कन्नड बोलायची. कॉफी नको म्हणाली, मग वास आल्यावर "स्वल्प चालेल" म्हणाली.

"मला ती चांगली की वाईट हे नको," ती म्हणाली. "मला ती कशी आहे ते सांगा. सकाळी उठून काय करते? काय पिते?"

"पहाटे उठते," अनुसूया उत्साहाने म्हणाली. "माझ्या आधी. सडा घालते, रांगोळी काढते. मग आम्ही दोघी कॉफी घेतो. चहा तिला मुळीच आवडत नाही."

भाग्यलक्ष्मी म्हणाली, "आमच्याकडे आठपर्यंत झोपते. उठवावं लागतं. आणि चहा दोनदा लागतो तिला, आलं घालून."

"चहा?" सुखदाने विचारलं. "ती तर दूध पिते. चहा-कॉफीला शिवत नाही. आमच्या घरात कुणीच पीत नाही म्हणा."

चंदनाने पेन खाली ठेवलं. "आपण एकाच मुलीबद्दल बोलतोय ना?"

गुरुप्रसाद हसला, पण एकटाच. भाग्यलक्ष्मी मनातल्या मनात आठवून बघत होती. दर चंपाषष्ठीला मुलगी यायची, देव मांडायची, आणि संध्याकाळी विचारायची, "काकू, रात्री टीव्ही किती वाजेपर्यंत?" भाग्यलक्ष्मीला वाटायचं, केवढी शहाणी पोर. पहिल्याच दिवशी घराची रीत विचारून घेते.

"गाणं म्हणते?" चंदनाने विचारलं.

"छान म्हणते," सुखदा म्हणाली.

"गाणं? कधीच नाही ऐकलं," अनुसूया म्हणाली. तिला ते लागलं. तिच्या नवऱ्याला घरात गुणगुणलेलं खपत नसे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण रीत तशीच राहिली होती आणि मुलीने ती पहिल्याच दिवशी ओळखून ठेवली होती.

"रागावली की काय करते?"

तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. भाग्यलक्ष्मी म्हणाली, "रागावत नाही." सुखदा म्हणाली, "मुळीच नाही." अनुसूयानेही मान हलवली.

"पहिल्यांदाच तुमचं तिघींचं एकमत झालं," चंदना म्हणाली आणि तिने ते लिहून घेतलं.

मग तिने कप बाजूला सरकवला. "मी तिला निरीक्षणगृहात रोज भेटतेय. पहिले काही दिवस बोललीच नाही. काल तिने मला एक विचारलं. 'मॅडम, मी परत असं करीन का?' मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ती म्हणाली, 'मलाही नाही. हात वर गेला तेव्हा मला बरं वाटत होतं, त्याचीच भीती वाटते.' ती खोटं बोलत नाही. म्हणून मला तिच्याबद्दल आशा आहे. पण उद्या बोर्ड तिला घरी सोडायचं म्हणालं, तर एक माणूस आणि एक पत्ता लागेल. तिच्यावर लक्ष ठेवणारं, मी कधीही आले तर दार उघडणारं."

"त्याची काळजी नको," गुरुप्रसाद पुढे सरसावला. "आम्ही सगळे आहोत. आम्ही वाटून घेऊ. ह्याआधीही चार-चार महिने..."

"सर, एक पत्ता. खटला संपेपर्यंत एकच."

गुरुप्रसादचा घसा खाकरायचा राहून गेला. सुखदा खिडकीबाहेर बघू लागली. भाग्यलक्ष्मी आपल्या हाताकडे बघत होती. सात वर्षं मुलीला प्रत्येकाने आनंदाने घेतलं होतं. कारण ती कधी जाणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

"माझा पत्ता घ्या," स्टुलावरून रघू म्हणाला आणि त्याने सांगितला.

सुखदाने वळून पाहिलं. "हा कुठला? तुझं घर तर मारुतीच्या देवळामागे आहे."

"ते जूनमध्ये सोडलं. घरमालकाला मजला चढवायचा होता. आता कारखान्यातल्या एकाबरोबर खोली घेतलीय."

"आणि चंपाचं सामान?"

"भांडी दिली. बाकीचं एका पेटीत आहे."

"रघू," भाग्यलक्ष्मी हळूच म्हणाली, "हे आश्लेषाला ठाऊक होतं?"

"सांगणार होतो. ती कुठे तिकडे यायची, वहिनी? आई गेल्यापासून तिकडे कधी राहिलीच नाही. म्हटलं भेटीत सांगू. मग भेटीत..." तो थांबला. "'जेवलीस?' 'जेवले.' त्यात ते राहून गेलं."

चंदनाने पुन्हा पेन उचललं. "मला पोलिसांच्या कागदात एकच गोष्ट अडते. तिला आनेकलला जायचं होतं. ती बोम्मसंद्र्याला का उतरली? तिला विचारलं तर म्हणते, उतरायचं होतं."

अनुसूया उठली. आत गेली आणि झाकलेली ताटली घेऊन आली. ती तिने रघूच्या समोर, चपलांच्या फळीवरच ठेवली आणि वरची ताटली उचलली.

*

रघूला प्रथम फक्त रंग दिसला. वाळून तपकिरी पडलेल्या फुलांच्या देठाशी उरलेला केशरी. कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा गजरा, हातभर. शेजारी फुलवाती, काडेपेटी, हळदीच्या भंडाऱ्याची कागदी पुडी, खोबऱ्याची अर्धी वाटी.

"हे मी दिलं नव्हतं," अनुसूया म्हणाली. "मी नेहमी शेवंती देते. आणि सुखदाकडे वाती, खोबरं सगळं असतंच. मी विचार करकरून दमले. ही फुलं कुणाला लागतात?"

रघूने गजऱ्याला हात लावला नाही. बोम्मसंद्र्याच्या जुन्या घरात खिडकीच्या डाव्या बाजूला भिंतीत एक फळी होती. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला चंपाने ती धुतली, गेरूने सारवल्यासारखी रंगवली, समोर बारीक रांगोळी काढली आणि केसात कनकांबर माळून वाट बघत बसली. त्याने तिला सांगितलं होतं की देव येणार नाही. चंपा निपाणीकडची, जात वेगळी. थोरले अण्णा, त्रिविक्रमअण्णा, म्हणाले होते, त्या घरी देव थांबणार नाही. रघूचा वाटा सुखदाकडे जाईल. चंपा म्हणाली, बस तर इथूनच जाते ना?

"ती थांब्यावर जायची," तो म्हणाला. कुणाला सांगतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. "दर नागपंचमीला. आनेकलची बस यायची, आत अण्णा पेटी घेऊन बसलेले असायचे. चंपा रस्त्यावरनं हात जोडायची. एकदा बस सिग्नलला थांबली तर तिने पुढे होऊन खिडकीला हात लावला. आश्लेषाला कडेवर घेऊन जायची, मग हाताला धरून. मी म्हणायचो, कशाला लाज काढतेस? ती म्हणायची, तुमचा देव दिसतो तेवढा तरी बघते. एक दिवस उतरेल."

"तोच थांबा?" चंदनाने विचारलं.

"एकच आहे तिथे."



"पोर देवाला आईकडे घेऊन गेली होती," भाग्यलक्ष्मी म्हणाली. अगदी साधेपणाने, किराणा काय आणायचा ते सांगावं तसं. "आणि घरच नव्हतं."

सुखदा एकदम म्हणाली, "माझ्याकडे असं बघू नका. मी मागितला नव्हता वाटा. अण्णाने दिला. मी देवाला नको म्हणायचं होतं का?"

"देवाला नाही. अण्णाला म्हणायचं होतं."

"तू म्हणालीस, भाग्या?"

गुरुप्रसादने भिंतीवरच्या थोरल्या भावाच्या फोटोकडे पाहिलं. आताही तिथूनच काही निर्णय येईल असं त्याला वाटत असावं. फोटोतल्या त्रिविक्रमअण्णांनी चंदनी लाकडाचा हार घातला होता आणि ते नेहमीसारखे ठाम दिसत होते.

"मी गुरुवारी त्या म्हाताऱ्याकडे गेले होते," अनुसूया म्हणाली.

"वहिनी! वकिलांनी सांगितलं होतं की..." गुरुप्रसाद.

"वकिलांना काय ते सांग तू. मला बघायचं होतं. उजव्या कानावर पट्टी आहे. त्या कानाने आता ऐकू येत नाही. त्याची सून माझ्याशी बोलली नाही, बरोबरच केलं तिने. पण म्हाताऱ्याने मला जवळ बसवलं. त्यालाही माझ्यासारखंच झालंय, तोही नुसता विचार करतोय. म्हणाला, 'अम्मा, पोर पेटी घेऊन थांब्यावर उभी होती. बसेस येत होत्या, जात होत्या, ती चढेना. मला वाटलं, चुकली असेल. म्हणून विचारलं, निन्न मने येल्लवा? तुझं घर कुठे गं? एवढंच. मी काही तप्पु, चुकीचं विचारलं का?'"

रघूने डोकं खाली घातलं. त्याच्या खांद्यांकडे बघून भाग्यलक्ष्मीने पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला.

चंदना बराच वेळ लिहीत होती. मग म्हणाली, "हे सगळं मी बोर्डापुढे ठेवीन. पण माफी मिळावी म्हणून नाही. शिवाप्पांचा कान परत येणार नाही. आणि घर हरवलेली मुलं मी पुष्कळ बघते. त्यांतली बहुतेक कुणाला मारत नाहीत. हिने का मारलं त्याचा थोडा भाग आज कळला. बाकीचा तिला स्वतःला शोधावा लागेल, आणि त्याला वेळ लागेल. तेवढा वेळ ती कुठे असेल?"

"माझ्याकडे," अनुसूया म्हणाली.

"अम्मा, तुमचं वय..."

"माझ्या एकटीकडे नाही. रघू, तू इथे राहायला ये."

रघूने मान वर केली. "वहिनी, माझ्या शिफ्टा..."

"आता ती पिवळी मेट्रो जाते की बोम्मसंद्र्याला. पेपरात रोज तेच होतं."

"पहिल्या शिफ्टला ती सुरू झालेली नसते."

"मग पहिली शिफ्ट दुसऱ्या कुणाला दे. अर्ज कर, भांड, काहीही कर."

"शिफ्टचं नाही, वहिनी." रघू म्हणाला. "ह्या घरात मी चंपाला घेऊन कधी आलो नाही. उंबऱ्याच्या आत तिला कुणी बोलावलं नाही. आता तिच्याशिवाय मी कसा येऊ?"

अनुसूया हळूहळू चालत भिंतीपाशी गेली. नवऱ्याच्या फोटोच्या शेजारी, जिथे दिनदर्शिका लटकत होती, तिथे तिने बोट ठेवलं.

"तिचा फोटो घेऊन ये. इथे लावू. ह्यांच्या अगदी शेजारी. आता नाही कसं म्हणतात बघू."

भाग्यलक्ष्मीच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने ते पदराने दाबलं. सुखदालाही ते आवरलं नाही. हसता हसता ती रडायला लागली. नाक पुसून ती देवघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. टाक अजून तिथेच होते. ह्या गोंधळात देव आनेकलला गेलाच नव्हता.

"मी आज पेटी न्यायला पिशवी आणली होती," ती म्हणाली. "असू दे. आत्ताचे महिने रघूचे आहेत. रघू इथे राहणार असेल तर देव त्याच्या घरीच आहे."

"चंपाषष्ठीला मात्र..." गुरुप्रसादने सुरुवात केली.

"चंपाषष्ठीला देव आपल्याकडे येईल," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "घ्यायला तुम्ही यायचं. रिक्षा करून." मग ती चंदनाकडे वळली. "मॅडम, मी रोज येऊन जाईन. पण खरं सांगते, मला तिची भीती वाटते. अजून वाटते."

"सरी, ठीक आहे," चंदना म्हणाली. "ती घरी आली की तिलाही सांगा. तिला कुणीच असं काही खरं सांगितलेलं दिसत नाही."

*

सोमवारी बोर्डाच्या इमारतीत पंखे होते आणि वारा नव्हता. आत जायला तिघांनाच परवानगी मिळाली: रघू, अनुसूया आणि चंदना. कोर्टासारखा उंच चौथरा नव्हता. एक लांब टेबल, मागे न्यायाधीश बाई आणि दोन सदस्य.

आश्लेषाला आणलं. अनुसूयाला ती बारीक वाटली. वेणी कुणीतरी दुसऱ्याने घातलेली, घट्ट आणि वाकडी. तिने एकदा बापाकडे पाहिलं, मग अनुसूयाकडे, आणि सवयीने दोघांच्या पायांशी बॅग शोधली. आजवर तिला न्यायला कुणी आलं की बॅग असायचीच.

आत येण्याआधी बाहेरच्या बाकावर चंदनाने तिला सगळं सांगितलं होतं. ताटलीतली फुलं, फोटोची जागा, अप्पा कुठे राहायला येणार ते. शिवाप्पांचा कानही. आश्लेषाने फक्त कानाबद्दल विचारलं होतं. "कुठला?" आणि मग आपल्या उजव्या कानावर हात ठेवून ती तशीच बसून राहिली होती.

बाईंनी अहवाल वाचला, पानं उलटली, सदस्यांशी हलक्या आवाजात बोलल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून मुलीकडे बघितलं. चेहरा मायाळू होता. रोज इतक्या मुलांना विचारायचा तो नेहमीचाच प्रश्न त्यांनी विचारला.

"निन्न मने येल्लम्मा?"

शिवाप्पांनी थांब्यावर विचारलेले तेच शब्द. चंदना खुर्चीत पुढे सरकली. आश्लेषाचा उजवा हात मिटला, बोटं पांढरी पडली. रघू उत्तर द्यायला उठत होता. अनुसूयाने त्याचं मनगट घट्ट धरून त्याला खाली बसवलं.

पंखा फिरत होता. आश्लेषा टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, त्या थांबल्या. मग मुलीची मूठ सुटली. पूर्ण नाही, अंगठा आतच राहिला.

"चामराजपेट," ती म्हणाली. "चौथा क्रॉस."

आणि लगेच वळून, बाई काय लिहितात तिकडे न बघता, तिने मराठीत विचारलं, "खरं ना, अप्पा?"

रघूने मान हलवली. तेवढं तिला पुरलं नाही. ती बघतच राहिली. तेव्हा तो उभा राहिला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "खरं."